एकशे अठरावं घर

सोमवार, २६ जुलै २०२१. फुलसावंगी.

पळसतांड्याने आज आम्हाला अकरा मिनिटांत वाटेला लावलं. चूक माझी होती, म्हणून घड्याळ पाहून लिहितेय.

नियम असा आहे की संमतीपत्र पूर्ण आणि मोठ्याने वाचायचं. मी पडले नियमाची बाई. सेवालाल महाराजांच्या देवळापुढच्या ओट्यावर चाळीसेक माणसं जमली होती, पुढे या बंजारा तांड्याचे नायक धनसिंग राठोड बसले होते. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "या सर्वेक्षणात आपल्या रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करण्यात येईल..."

नायकांनी हात वर केला. "थांबा मॅडम. पिंड? कोनाचे पिंड?"

"प्रतिपिंड," मी म्हटलं. "ज्यांच्या ज्यांच्या रक्तात सापडतील त्यांची आम्ही यादी करणार."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागून एक बाई ओरडली, "जित्या मानसाचे पिंड पाडाले आले व हे लोकं!" आणि ओटा रिकामा झाला. आमचा ड्रायव्हर संघर्ष गाडी पुसायला फडकं काढत होता, ते त्याने तसंच परत ठेवलं. रस्ताभर हसत होता. "ताई, पुढच्या गावात कावळा सोबतच घेऊन जाऊ."

आमच्या घरात छप्पन सालापासून कोणी पिंड पाडलेलं नाही. माणूस गेलं की भंतेजी येतात, पुण्यानुमोदन होतं. त्यामुळे पिंड म्हटलं की मला कावळा आठवत नाही, लॅबच्या कोर्सचं पुस्तक आठवतं. शिकलेल्या माणसाला कुठे ठेच लागेल सांगता येत नाही.

काम तसं सोपं आहे. कोरोना होऊन गेला की त्याच्याशी लढलेली द्रव्यं रक्तात काही महिने उरतात, ती शोधायची. आज आजारी कोण आहे ते पाहायचं नाही, आजवर कितीजणांना होऊन गेला ते पाहायचं. दहा गावं, गावामागे चाळीस घरं, घरामागे एक माणूस. पळसतांड्याची कागदावरची नोंद अशी: कोरोनाचे रुग्ण शून्य. एप्रिल-मेमधले मृत्यू चार, कारण चौघांचंही वृद्धापकाळ. त्यातला एक एक्केचाळीस वर्षांचा आहे.

घाटंजीहून आईचा फोन. काल रविवार होता, का आली नाहीस? फॉर्म तपासायचे होते म्हटलं. खरंच होते.

मंगळवार, २७ जुलै

सकाळीच बबिता खोलीवर हजर. ही तांड्याची आशाताई, तिथलीच सून. आल्या आल्या तिने माझी शाळा घेतली. "मॅडम, ते पिंड-बिंड सोडा तुमी. रोही वावरातून निघून गेली तं सकाळी दिसते का? नाही दिसत. पन माग दिसते ना तिचा? तसं सांगा."

नीलगाईचा माग! दहा वर्षं रक्त तपासतेय, मला हा शब्द सुचला नव्हता. दुपारी पुन्हा ओट्यावर उभी राहिले आणि सांगितलं, आजार येऊन गेला की रक्तात त्याचा माग राहतो. माग असला तर आजार येऊन गेला, नसला तर नाही. शेवटचं वाक्य तितकंसं खरं नव्हतं. माग पुसलाही जातो, कुणाचा तीन महिन्यांत, कुणाचा वर्षाने. पण लोक माना डोलवायला लागले होते आणि चालत्या गाड्याला खीळ कोण घालतं? नायकही हसले. म्हणाले, "घ्या मंग. आमच्यात काही सापडनार नाही. इठी आजार आलाच नाही."

मग घरांची मोजणी. नायकांनी यादी दिली, एकशे सतरा घरं. पहिल्या घरापासून सुरू करून दर तिसरं घर घ्यायचं. एकोणचाळीस भरतात. मला चाळीस हवीत. पुन्हा मोजलं, पुन्हा एकोणचाळीस. माझी चिडचिड बघून बबिता हळूच म्हणाली, "एक घर हाये अजून. नाल्याच्या पल्याड. ते मोजत नाहीत."

मी नायकांकडे गेले.

"ते घर तांड्यात नाही येत," ते म्हणाले.

"मग कोणत्या गावात येतं?"

"कोनत्याच नाही येत."

"चूल पेटते ना तिथे?"

"पेटते."

"मग मला मोजावं लागेल."

एकशे अठरा. तीन-तीनने मोजत गेलं की चाळिसावं घर नेमकं तेच येतं. परतताना संघर्ष म्हणाला, "ताई, मस्त लढल्या तुम्ही." कसली लढले? मला एक घर कमी पडत होतं.

त्या घराची हकिगत बबिताने गाडीत सांगितली. जमनी राठोड, वय पस्तीस. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर नवरा बादल तसाच पुण्याकडे बांधकामावर गेला, ही एकटी परत आली, पाडव्यानंतर पाच दिवसांनी. पंधरवड्यात तिची सासू गेली, मागोमाग आणखी तिघं. बाहेरून आलेली तीच, म्हणून आजार तिनेच आणला असं ठरलं. सरकारला सांगायचं आजार आलाच नाही, आणि आपसात बोलायचं की जमनीने आणला. विहिरीवर तिचा दोर नाही, तिच्या हातचं पाणी कोणी घेत नाही. बादलचा फोनही आता महिन्यातून एकदा येतो. तेरा वर्षांची मुलगी आहे, निकिता. राखीपासून तीज बसेल, तांड्यातल्या पोरी दुरडीत गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात. निकिताला सांगून ठेवलंय की तुझी दुरडी आणू नको.

मला राग आला. असल्या अडाणीपणाचा मला फार राग येतो.

बुधवार, २८ जुलै

बावीस नमुने. बर्फ पुरला.

पहिलं घर नायकांचं, आणि घरातल्या नावांच्या चिठ्ठ्यांतून चिठ्ठी निघाली त्यांच्या आईची, झमलीबाईची. वय तिच्या मते शंभर, आधार कार्डाच्या मते ब्याऐंशी. दंडाला पट्टा बांधला तर म्हणते, "बघ माय, रक्त उरलं असन तं घे."

प्रश्नावलीत विचारायचं असतं, ताप, खोकला, वास किंवा चव जाणे, असल्यास केव्हा. म्हातारीला चव म्हटल्याबरोबर चेव आला. "गेलती ना! होळीत! नातवाची ढूंड होती." ढूंड म्हणजे घरातल्या मुलाची होळीला करायची यांची मोठी रीत. "पुन्याचे सोयरे आलते, हैदराबादचे आलते. सुनेनं गळवानं केलं, गुळाचं, अन् चवच नाही त्याले! मी भर पाहुन्यात म्हनलं तिले, तुह्या बापानं कधी गूळ पाह्यला होता का?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. दारातली सून तेवढी हसली नाही. मी लिहिलं: चव जाणे, होय. दिनांक २८ मार्च.

तारखा हा इथला मोठा वैताग आहे. तारीख कोणी सांगतच नाही. "लेंगी म्हनून घसा बसला तवा," "मोह वेचाले जात होतो तवा," "ढूंडीच्या दुसऱ्या दिवशी." लेंगी ही त्यांची होळीची गाणी. शेवटी मी मनाशी पत्रक केलं, होळी म्हणजे २८ मार्च, मोह म्हणजे मार्चअखेर, आणि पटापट भरत गेले. असल्या अंदाजी रकान्याचा पुढे कोणाला उपयोग होणार आहे कोण जाणे.

लस घेतलेले तीनच निघाले. त्यांची नोंद वेगळी.

गुरुवार, २९ जुलै

सतरा नमुने झाले आणि शेवटी नाल्यापलीकडे गेलो. बबिता अंगणाच्या बाहेरच थांबली.

जमनीने आधी तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्याकडे न बघता खाली ठेवलं. मी प्यायले. उन्हातून आले होते, तहान लागली होती. ती बघतच राहिली.

"मॅडम, ह्या मागावरून कळते का, आजार कोनं आनला ते?"

"नाही. होऊन गेला की नाही एवढंच कळतं."

"अन् मले झालाच नसन तं?"

"तर माग नसेल."

"मंग मी आनला नाही, असं होते ना?"

पेटीतला बर्फ वितळत होता, चार वाजून गेले होते. मी म्हटलं, "हो, तसंच."

तिने हात पुढे केला. "घ्या मंग. पाहिजे तेवढं घ्या." निकिता तिच्या मागे उभी राहून नळीत चढणारं रक्त बघत होती. लहान चणीची आहे, केस घट्ट विंचरलेले. मी विचारलं, कितवीत? तर म्हणाली, "आठवी. पन शाळा बंद हाये." तिची दुरडी विणून झालीये. दाराजवळ टांगून ठेवली होती.

ताप केव्हा आला होता? जमनी म्हणाली, "मी आली तवा सासू निजूनच होती. पेज पाजत होती मी तिले. आठ दिवसांनी मले ताप भरला." आमच्या फॉर्मात सासूसाठी रकाना नाही. ताप, होय. दिनांक २६ एप्रिल.

पळसतांडा संपला. चाळीस नमुने, एकही नळी फुटली नाही.

रविवार, १ ऑगस्ट

घाटंजीला गेले नाही. पुसदमार्गे दोन गाड्या बदलाव्या लागतात, शिवाय उद्या लवकर निघायचं आहे. आईने विचारलं, तुझ्याकडे जायला-यायला गाडी नाही का? सरकारी गाडी घरी न्यायची नसते, असं सांगितलं. आई म्हणाली, बरं.

दिवसभर खोलीत काही सुचेना, म्हणून लिहून टाकते. एप्रिलमध्ये मी यवतमाळला कोविड सेंटरवर होते, दिवसाला दीडदोनशे स्वॅब. महिनाभर घरी गेले नव्हते. बाबासाहेबांच्या जयंतीला, चौदा एप्रिलला, चार तासांची सुट्टी मिळाली. बाबांनी दारात निळे झेंडे लावले होते. मी मास्क काढून त्यांच्या ताटाला ताट लावून जेवले. अठरा तारखेला त्यांना ताप आला. तीन मेला ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी ड्यूटीवर होते. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. त्यानंतर मी घरी दोनदा गेले, दोन्ही वेळा तासाभरासाठी. आई काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणूनच तिच्यासमोर बसवत नाही.

पुरे. हे आठवायचं नाही असं ठरवलंय.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

निकाल आले. पळसतांडा: चाळीसपैकी एकतीस जणांच्या रक्तात माग सापडला. ज्या तांड्यात आजार आलाच नाही, तिथे चारात तीन जणांना होऊन गेला! यवतमाळचे आमचे साहेब फोनवर "व्हेरी गुड" म्हणाले, म्हणजे आकडा चांगला, असं.

मी बोट फिरवत शेवटच्या ओळीवर आले. एकशे अठरा. आढळली.

मला वाईट वाटलं. निकालाचं बरंवाईट वाटणं लॅबवाल्याला शोभत नाही, पण वाटलं. पुन्हा पाहिलं, नळीचा क्रमांक जुळवून पाहिला. आढळली म्हणजे आढळली.

सोमवार, १६ ऑगस्ट

निकालाची पाकिटं ज्याची त्याला हातात द्यायची असतात. दुसऱ्याला कळता कामा नये. तांड्यात दिवसभर तेच केलं. शेवटी नाला ओलांडला.

जमनीला वाचता येत नाही. निकिताने वाचलं, "आपल्या रक्तात प्रतिपिंडे आढळली आहेत." मग आईकडे बघून हळू म्हणाली, "याडी, माग हाये."

मी घाईघाईने बोलायला लागले. माग असला म्हणून तुम्हीच आणला असं होत नाही, चाळीसपैकी कितीतरी जणांना आहे, कोणी कोणाला दिला हे रक्त सांगतच नाही. जमनीने सगळं ऐकून घेतलं.

"पन तुमीच म्हनलं होतं ना मॅडम? माग नसन तं मी नाही. आता माग हाये."

त्या दिवशी मला उशीर होत होता म्हणून मी 'हो, तसंच' म्हणाले होते. चार वाजून गेल्याच्या घाईपायी मी एका बाईला खोटी आशा लावली आणि आता तिच्याच हाती तिच्याविरुद्धचा पुरावा दिला. अडाणीपणाचा मला राग येतो म्हणून लिहिलंय वर कुठेतरी. लिहिणारी स्वतः कोण ते आज समजलं.

निघताना पाहिलं, निकिता दाराजवळची दुरडी काढून आत ठेवत होती. रविवारी राखी आहे.

बुधवार, १८ ऑगस्ट

सकाळपासून संगणकात प्रश्नावल्या भरत होते. कंटाळवाणं काम. वय, लिंग, लस, लक्षण, दिनांक. २८ मार्च. २९ मार्च. ३१ मार्च. २८ मार्च. संघर्ष चहा घेऊन आला आणि मागून बघत म्हणाला, "ताई, यांच्याकडं होळीलेच सारे आजारी पडले होते का?"

मी त्याला म्हणणार होते की तारखा अंदाजी आहेत.

सगळे कागद पुन्हा काढले. माग सापडलेल्या एकतिसांपैकी अकरा जणांची लक्षणं होळीच्या आसपासची. अकरा! वास गेला, चव गेली, घसा बसला. त्यातली पहिली नोंद पहिल्याच घरातली, पुण्या-हैदराबादचे पाहुणे आले त्या घरातली. आणि जमनी परतली अठरा एप्रिलला. तेव्हा तिची सासू निजूनच होती. तिला स्वतःला ताप आला आठ दिवसांनी. आजार तिने आणला नाही. तो तांड्यात तीन आठवडे आधीच नांदत होता. ती सासूला पेज पाजायला बसली आणि तिलाच तो इथे मिळाला, असंच दिसतंय. शपथेवर सांगता येणार नाही, पण असंच दिसतंय.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं होतं. म्हातारीच्या गळवाण्याला मी पोट धरून हसले होते. तीन आठवडे हे कागद माझ्या उशाशी होते आणि मला दिसलं नाही. चहा आणणाऱ्या माणसाला दिसलं.

आता पंचाईत अशी की कोणाचंही नाव, कोणाचंही घर सांगायचं नाही. त्यावर माझी सही आहे. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, गावाचे एकूण आकडे गावाला सांगता येतात, महिन्यावार सांगितले तरी चालेल, नाव मात्र एकही नको. तीनदा विचारलं तेव्हा वैतागले, "दीपा, चालेल म्हटलं ना!"

शनिवार, २१ ऑगस्ट

आल्या आल्या लिहायला बसले.

देवळापुढे बैठक झाली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि जमनी सगळ्यांच्या मागे पळसाच्या झाडाखाली, निकिताला घेऊन. बबिताने तिला ओढूनच आणलं होतं. मी उभी राहिले. आज नियमाचा आधार वाटत होता.

"चाळीस जणांचं रक्त पाहिलं. एकतीस जणांत माग आहे. म्हणजे हा आजार तांड्यात घराघरातून फिरून गेला. त्यातले अकरा जण होळीच्या वेळी आजारी होते. बाकीचे त्यानंतर."

मी थांबले. एवढंच सांगायचं होतं. पुढचं त्यांनी जोडायला हवं होतं. जमनी होळीला उसात होती हे तांड्यातल्या लेकराला माहीत आहे.

पण कोणी जोडेना. म्हणजे जोडलं सगळ्यांनी, माना खाली गेल्या त्यावरून कळत होतं, बोलेना मात्र कोणी. नायक धनसिंग म्हणाले, "होळीत लेंगी म्हनून साऱ्यांचेच घसे बसतात. कागद काहीबी सांगते."

मला ओरडावंसं वाटलं. पहिलं घर! तुमचं घर! माझ्या पिशवीत होता तो कागद. पिशवीचा बंद आवळून धरला. आयुष्यात नियम इतका जड कधीच वाटला नव्हता.

तेवढ्यात बायकांतून काठी आपटल्याचा आवाज आला. झमलीबाई उठत होती. दोघींनी धरून उठवली.

"कागद राहू दे, धनसिंग. मी सांगून राह्यली. ढूंडीच्या गळवान्याले चव नव्हती. सुनेले मी शिव्या देल्ल्या, तिच्या बापाले शिव्या देल्ल्या. गूळ होता त्यात. साऱ्यांनी गोड लागलं म्हनून खाल्लं. जीभ माई गेलती."

"याडी, बस खाली," नायक म्हणाले.

"कायले बसू? आजार आपल्याच घरी आलता, आपल्याच पाहुन्यासंगं. ते पोरगी तवा ऊस तोडून राह्यली होती."

मग ती चालायला लागली. ओट्यापासून पळसापर्यंत पन्नास पावलं असतील, म्हातारीला किती वेळ लागला देव जाणे. जमनीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पानी पाज व मले. तुह्या घरचं."

जमनीने तिला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मला वाटलं, नाही देणार. मग निकिताला म्हणाली, "आन तांब्या." निकिता पळत सुटली.

नायक उठून घरी गेले. माफी वगैरे कोणी मागितली नाही. बायका मात्र जागच्या जागी रडत होत्या. नायकांची सून तर तोंडात पदर कोंबून.

रविवार, २२ ऑगस्ट

मला बोलावलं होतं, गेले. निकिताची दुरडी इतर पोरींच्या ओळीत होती, शेवटून दुसरी. वारुळाची माती, त्यात भिजवलेला गहू. पोरी गात होत्या. एक अक्षर कळत नव्हतं तरी डोळे भरून येत होते.

जमनी बाजूला उभी होती, गात नव्हती. मी भारीच खुशीत होते. तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "आता तर सगळ्यांना कळलं, तुम्ही आणला नाही."

ती पोरींकडे बघत म्हणाली, "अन् मीच आनला असता तं, मॅडम?"

मला प्रश्नच कळला नाही.

"मीच आनला असता तं जल्मभर नाल्याच्या पल्याडच राह्यली असती का मी? आजार आनाले कोनी येते का? चार महिने ऊस तोडून मी माह्या घरी आलती. पोरीले पाहाले आलती."

ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. पोरींचं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, मी तिथेच उभी. मग संघर्षला म्हटलं, मला पुसदच्या स्टँडवर सोड.

"सरकारी गाडी घरी नेत नाहीत ना, ताई?"

"घरी नको नेऊ. स्टँडवर सोड."

राखीमुळे एसटीला ही गर्दी. हातात मिठाईचे पुडे घेतलेल्या बायकांत यवतमाळपर्यंत उभी आले, पुढे घाटंजीच्या गाडीत जागा मिळाली. दिवस मावळायच्या आत घरी पोचले.

आई अंगणात बरबटीच्या शेंगा मोडत बसली होती. "अगं बाई," म्हणाली आणि सरकून मला जागा केली. मी चप्पलही काढली नव्हती.

"आई, जयंतीला मी आले होते. चार दिवसांनी बाबांना ताप आला. माझ्यामुळे आला."

"मले माहीत हाये."

"केव्हापासून?"

"तवाचपासून. तुह्या बापालेही माहीत होतं. तो म्हने, पोट्टी आली तं होती, संगं जेवली तं होती."

मला रडू आवरेना. "मग इतके महिने तू यावर एक शब्द बोलली का नाहीस माझ्याशी?"

आईचे हात थांबले.

"घरी येशीन तवा बोलीन ना व माय. तू आलीच कोठी?"